पिवळ्या डोझरची वंशावळ

खोक्यात, बरोबर मापाच्या खाचेत बसवलेला एक बुलडोझर. लांबी वीतभर. पुढे वरखाली होणारं पातं, मागे जमीन फाडणारा रिपर, खाली कडीला कडी जोडलेली चेन. केबिनमध्ये खुर्ची आणि दांडे; नीट पाहिलं तर दाराची मूठसुद्धा. खोक्यावर दोन गोष्टी छापलेल्या असतात. पहिली, १:५० हे प्रमाण. दुसरी, ही वस्तू १४ वर्षांपुढच्यांसाठी आहे अशी सूचना. पहिलीवरून कळतं की वस्तू मोजून-मापून केली आहे. दुसरीवरून कळतं की ती पोराच्या हातात द्यायची नाही.

प्रमाणाचं गणित मजेदार आहे. लांबी, रुंदी आणि उंची पन्नासपट कमी केली की घनफळ सव्वा लाखपट कमी होतं. कॅटरपिलरचा डी-११ हा राक्षसी डोझर शंभर टनांच्या आसपास भरतो. त्याला सव्वा लाखाने भागलं की आठशे ग्रॅम येतात. संग्राहक मॉडेल उचलल्यावर आधी ते तळहातावर तोलून पाहतात, त्यामागे हेच आहे. प्लास्टिकचा डोझर दिसायला हुबेहूब असला तरी हाताला तो खोटा लागतो. धातूचा डोझर हाताला वजन देतो, आणि ते वजन जाणवलं की खरं यंत्र आठवतं.

ही वस्तू आली कुठून? कंपन्यांच्या माहितीपत्रकात याचं उत्तर अमेरिकेत सुरू होऊन जर्मनीमार्गे चीनच्या कारखान्यात संपतं. ते खोटं नाही, पण अर्धंच आहे. या वस्तूला दोन घराणी आहेत. एक माती हलवणाऱ्या अवजारांचं, दुसरं मोठी वस्तू लहान करून जपण्याच्या हौसेचं. दोन्ही घराण्यांची मुळं एका जागेवरून पाहायची असतील, तर आदिलाबाद जिल्ह्यातल्या बेल्यासारखं ठिकाण सापडणं कठीण.

बेला तेलंगणात आहे, पण तिथल्या बहुतेक घरांत मराठी बोलली जाते. उत्तरेला पैनगंगा वाहते. नदी ओलांडली की महाराष्ट्र. ही सीमा तशी अलीकडची. हैदराबाद संस्थानात राजुरा आणि किनवट हे तालुके आदिलाबाद जिल्ह्यातच होते. १९५६च्या राज्य पुनर्रचनेत ते मराठी मुलखात गेले आणि बेला तेलुगू राज्यात राहिलं. जमीन मात्र दोन्हीकडे तीच, काळी, कापसाची, पावसात चिकटणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी. बेल्याहून कोरपना, गडचांदूर, राजुरा असा रस्ता धरला की सिमेंटच्या चुनखडीच्या खाणी लागतात आणि पुढे वणी-घुग्गुसच्या कोळशाच्या उघड्या खाणी. तिथे खरे डोझर चालतात. दक्षिणेला निर्मळला लाकडी खेळणी करणारी घराणी आहेत, आणि जैनूरच्या बाजूला उशेगाव-केसलागुडा इथे पितळेच्या मूर्ती ओतणारे ओझा कारागीर. यंत्र एका बाजूला, लहान प्रतिमा दुसऱ्या बाजूला, मधे बेला.

मातीचं काम

काळ्या जमिनीची मुख्य मशागत वखराने होते. वखराला रुंद, आडवी लोखंडी पास असते. ती जमिनीच्या थोडी खालून सरकते, तण कापते आणि ढेकळं मोडते. बुलडोझरचं पातं हे त्या पासेचंच थोराड भावंड म्हणता येईल : आडवं, धारेचं आणि मातीला सरळ भिडणारं. फरक इतकाच की पास बैलांच्या मागून येते आणि पातं यंत्राच्या पुढे जातं. जमीन सपाट करायला आणि बांध घालायला केणी वापरत. बैल ओढत आणि माणूस मागे दाबून धरत, की उंचवट्याची माती खोलगटात जाई. आज लेझर लावलेली यंत्रं जे करतात, त्याचा हा गावठी अवतार.

शेताबाहेरचं मातीकाम, म्हणजे तलाव, रस्ते, कालवे आणि रेल्वेचे भराव, हे मोठ्या प्रमाणावर वडार समाजाने केलं. त्यांच्यात माती वडार, गाडी वडार आणि पाथरवट अशी कामांची वाटणीच होती. हत्यारं म्हणजे कुदळ, फावडं, पहार, घमेलं आणि गाढव. काम ब्रासमध्ये मोजलं जाई, म्हणजे शंभर घनफूट. दख्खनेत जिथे जुना तलाव किंवा इंग्रजी काळातला रेल्वेचा भराव दिसतो, तिथे हजारो ब्रास माती डोक्यावरून गेलेली असते.

या कामाला यंत्र लावायचं की नाही, हा प्रश्न महाराष्ट्राने धोरण म्हणूनही सोडवला. १९७२च्या दुष्काळात पाझर तलाव, नालाबंडिंग आणि रस्ते यांची कामं मुद्दाम माणसांकडून करून घेतली गेली, कारण माती हलवणं एवढाच हेतू नव्हता. हाताला मजुरी द्यायची होती. त्यातून उभ्या राहिलेल्या रोजगार हमीच्या कायद्यावर पुढे २००५चा देशव्यापी कायदा बेतला गेला, आणि त्यातही ठेकेदारांना बंदी आणि यंत्रांना शक्य तितका नकार होता. म्हणजे बुलडोझर आपल्याकडे येऊन तीसेक वर्षं झाल्यावर कायद्याने त्याला काही ठिकाणी पाऊल टाकायला मनाई केली. ही गोष्ट मॉडेलच्या कोणत्याच माहितीपत्रकात नसते.

लहान करून ठेवण्याची हौस

दुसरं घराणंही फार जुनं आहे. १९७४ साली श्रीरामपूर तालुक्यातल्या दायमाबादला प्रवरेच्या काठी एका भिल्ल शेतकऱ्याला झाडाचा बुंधा खणताना चार काशाच्या वस्तू सापडल्या. त्यात एक हत्ती, एक गेंडा, एक रेडा आणि दोन बैलांनी ओढलेला रथ, त्यात उभा असलेला माणूस. चौघांचं मिळून वजन साठ किलोंच्या वर. रथाची लांबी सुमारे ४५ सेंटीमीटर. त्यांच्या काळाबद्दल पुरातत्त्वज्ञांत मतभेद आहेत. बरेच जण त्या उत्तर-हडप्पा काळातल्या, म्हणजे सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या मानतात. पोराच्या खेळण्यासाठी त्या फार जड आहेत. बहुधा त्या मिरवणुकीच्या किंवा पूजेच्या असाव्यात. पण चाकांवर चालणारी, धातूत ओतलेली, ओढणाऱ्या जनावराची लहान प्रतिमा महाराष्ट्राच्या मातीत इतक्या मागे सापडते, हे या वंशावळीत पहिल्या पानावर लिहायला हवं.

खेळण्याच्या किमतीवरून रडणारं पहिलं पोरही आपल्या वाङ्मयात आहे. शूद्रकाच्या 'मृच्छकटिका'त चारुदत्ताच्या मुलाला, रोहसेनाला, शेजाऱ्याची सोन्याची गाडी हवी असते आणि घरी मातीची मिळते. वसंतसेना आपले दागिने काढून त्या मातीच्या गाडीत भरते. देवलांच्या नाटकामुळे मराठी प्रेक्षकाला ही गोष्ट तोंडपाठ आहे. पण त्यातला पुढचा धागा विसरला जातो. तेच दागिने नंतर न्यायाधीशासमोर पडतात आणि चारुदत्ताविरुद्ध पुरावा ठरतात. खेळण्यात ठेवलेला ऐवज मोठ्यांच्या खटल्यात जातो. बुलडोझरचंही पुढे असंच झालं.

विदर्भात या हौसेला तान्ह्या पोळ्याचं रूप आहे. श्रावणी अमावास्येला पोळा. आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे तूप-हळदीने शेकायचे, दुसऱ्या दिवशी जेवायचं आवतण द्यायचं. पोळ्याच्या दिवशी अंगावर झूल, शिंगांना बेगड, डोक्याला बाशिंग. आणि त्या दिवशी जू नाही. हा सण पैनगंगेच्या दोन्ही काठांवर पाळला जातो. दुसऱ्या दिवशी विदर्भात मुलं चाकांवरचे लाकडी बैल घेऊन घरोघर जातात आणि बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, घेतात. नागपुरात ही प्रथा दुसऱ्या रघुजी भोसल्यांनी १८०६ साली सुरू केली, असं परंपरा सांगते. नंदीबैलाचं प्रमाण कुणी मोजत नाही. वशिंड आणि शिंगं असली की झालं. पण मोठ्या माणसाने मोठ्या बैलाचं जे केलं तेच पोराने लहान बैलाचं करायचं, हा नियम ठाम आहे. ओवाळायचं, खाऊ घालायचा, मिरवायचं. या लहान प्रतिमेत कृतज्ञतेची जबाबदारीही लहान करून दिलेली आहे.

निर्मळचे नकाशी कारागीर पोनिकीच्या हलक्या लाकडातून फळं, पक्षी आणि जनावरं कोरतात. सांधे भरायला लाकडाचा भुसा आणि चिंचोक्याची खळ वापरतात. वरचा रंग चढला की तो जोड दिसतच नाही. ओझा कारागीर मातीच्या गाभ्यावर मेणाची तार गुंडाळून आकृती करतात, वरून माती लिंपतात, तापवून मेण वितळवतात आणि त्या पोकळीत पितळ ओततात. साचा फोडल्याशिवाय मूर्ती बाहेर येत नाही, म्हणून प्रत्येक मूर्ती एकुलती. निर्मळची खेळणी आणि आदिलाबादचं डोकरा काम या दोघांनाही भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे.

यंत्राचा जन्म

आता पहिल्या घराण्याकडे परत. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या दलदलीच्या शेतांत जड वाफेचे ट्रॅक्टर रुतत. बेंजामिन होल्ट याने चाकं काढून लाकडी फळ्यांची फिरती साखळी बसवली आणि नोव्हेंबर १९०४ मध्ये स्टॉक्टनजवळ ती चालवून पाहिली. वजन मोठ्या क्षेत्रावर पसरलं की चिखल धरून ठेवत नाही, एवढंच त्यामागचं तत्त्व. होल्ट आणि सी. एल. बेस्ट यांच्या कंपन्या १९२५ साली एकत्र आल्या आणि कॅटरपिलर कंपनी झाली.

पण साखळीवर चालणारा ट्रॅक्टर म्हणजे बुलडोझर नव्हे. पातं कॅन्सस राज्यातून आलं. जेम्स कमिंग्ज नावाच्या शेतकऱ्याने तेलाच्या पाइपलाइनचे चर खेचरांकडून बुजवले जाताना पाहिले. मॉरोव्हिल गावी जे. अर्ल मॅकलाउड या आरेखकाला सोबत घेऊन त्याने १९२३ साली ट्रॅक्टरला पुढे लावायचं पातं तयार केलं. पेटंट १९२५ साली मिळालं. त्या पहिल्या पात्याची हुबेहूब प्रतिकृती मॉरोव्हिलच्या बागेत उभी आहे. म्हणजे बुलडोझरची एक प्रतिकृती पूर्ण आकाराचीही आहे.

रंगाची गोष्टही याच काळातली. कॅटरपिलरचे ट्रॅक्टर आधी राखाडी रंगाचे असत. रस्त्याच्या कामावर ते लांबून दिसत नव्हते, म्हणून डिसेंबर १९३१ मध्ये कंपनीने त्यांना पिवळा रंग दिला. आज पोरांच्या मनात मातीकामाचं यंत्र पिवळंच असतं. ते त्या निर्णयाचं फळ आहे.

दुसऱ्या महायुद्धाने डोझर जगभर नेला. विमानांच्या धावपट्ट्या, जंगलातले रस्ते आणि बंदरं सगळीकडे त्याने तयार केली. आसामातल्या लेडोहून ब्रह्मदेशाकडे जाणारा रस्ता १९४२च्या अखेरीपासून अमेरिकन सैन्याने डोझर लावून जंगल-डोंगरांतून काढला. भारताच्या भूमीवर इतक्या मोठ्या संख्येने हे यंत्र त्याच वेळी दिसलं. पॅसिफिकमधला अमेरिकन नौसेनानी हॅल्सी याने युद्ध जिंकून देणाऱ्या यंत्रांच्या यादीत पाणबुडी, रडार आणि विमान यांच्यानंतर बुलडोझरला बसवलं. जपानलाही हा धडा मिळाला. वेक बेटावर हाती लागलेल्या अमेरिकन यंत्रांवरून कोमात्सूने १९४३ साली जपानचा पहिला डोझर बनवला.

मुंबईत उरलेलं युद्ध

युद्ध संपलं आणि यंत्रं उरली. मुंबईत होल्क-लार्सन आणि टूब्रो या दोन डॅनिश अभियंत्यांनी १९३८ साली छोटी भागीदारी सुरू केली होती. युद्धाच्या शेवटी त्यांनी कॅटरपिलरशी मातीकामाची यंत्रं विकण्याचा करार केला. युद्धातली शिल्लक यंत्रं स्वस्तात मिळत होती, पण ती घेण्याइतका पैसा भागीदारीकडे नव्हता. बाहेरून भांडवल उभं करणं भाग पडलं आणि फेब्रुवारी १९४६ मध्ये लार्सन अँड टूब्रो ही कंपनी स्थापन झाली. मराठी माणूस या कंपनीला पूल, कारखाने आणि धरणं बांधणारी म्हणून ओळखतो. तिच्या पाळण्यात जुन्या बुलडोझरांची खरेदी होती.

बेल्याच्या दृष्टीने या कहाणीला आणखी एक वळण आहे. त्याच कंपनीने १९८०च्या दशकात कोरपना तालुक्यात आवारपूरला सिमेंटचा कारखाना काढला. पुढे २००४ साली तो अल्ट्राटेककडे गेला. चुनखडीच्या खाणीवरची माती सरकवायला तिथेही डोझर लागतात. म्हणजे बेल्याच्या पूर्वेला आज जो पिवळा ठिपका हलताना दिसतो, त्याचा इतिहास मुंबईतल्या कंपनीच्या त्या कराराशी जाऊन जुळतो.

सरकारी बाजूने संरक्षण मंत्रालयाने १९६४ साली भारत अर्थ मूव्हर्स, म्हणजे आजची बीईएमएल, स्थापन केली. तंत्रज्ञान कोमात्सूचं. कर्नाटकातल्या कोलार सोन्याच्या खाणींच्या आवारात तिचे डोझर बनू लागले. दुसरीकडे १९७३ साली कोळसा खाणींचं राष्ट्रीयीकरण झालं आणि १९७५ साली नागपूरला मुख्यालय असलेली वेस्टर्न कोलफिल्ड्स स्थापन झाली. चंद्रपूर, वणी, घुग्गुस आणि बल्लारपूर इथल्या उघड्या खाणींत कोमात्सूच्या नमुन्यावरचा बीईएमएलचा बीडी-३५५ हा ओबी सरकवण्याचं काम करू लागला. ओबी म्हणजे कोळशावरचा मातीदगडाचा थर. खाणीशेजारी उभ्या राहिलेल्या ओबीच्या डोंगरांनी या सपाट मुलखाला नवीन टेकड्या दिल्या. वखराची पास ज्या जमिनीतून थोडीच खाली जात होती, त्याच जमिनीतून हे पातं तीस-चाळीस मीटर खाली उतरलं.

खेळण्याला मालक मिळतो

आता दोन्ही घराण्यांची सोयरीक. १९२० आणि ३०च्या दशकांत अमेरिकेत इलिनॉयच्या फ्रीपोर्टमधली आर्केड कंपनी ओतीव लोखंडाचे कॅटरपिलर ट्रॅक्टर बनवत होती. ते खेळण्यासाठी होते आणि जाहिरातीसाठीही. विक्रेता ते गिऱ्हाइकाच्या टेबलावर ठेवत असे. इथेच या वस्तूचं स्वरूप ठरलं. मोठ्या यंत्राचं लहान रूप हे यंत्र विकणाऱ्याच्या बाजूने जन्मलं.

युद्धानंतर सूत्रं इंग्लंडकडे गेली. लेस्नी ही लंडनची कंपनी १९४७ साली सुरू झाली. पहिल्या वर्षा-दोन वर्षांतच तिने जस्ताच्या मिश्रधातूत ओतलेला रोडरोलर आणि कॅटरपिलरचा डोझर बाजारात आणला. पुढे १९५३ साली तिची मॅचबॉक्स मालिका सुरू झाली. तिचं निमित्त प्रसिद्ध आहे : जॅक ओडेल यांच्या मुलीच्या शाळेत आगपेटीत मावेल एवढंच खेळणं आणायची परवानगी होती. लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीने डिंकी मालिकेत १९४९ साली ब्लॉ नॉक्स बुलडोझर काढला. त्याला रबरी साखळी होती आणि दांडा फिरवला की पातं वर जायचं.

या खेळण्यांचा जीव त्यांच्या धातूत होता. जस्तात थोडं अॅल्युमिनियम, मॅग्नेशियम आणि तांबं मिसळलेला मिश्रधातू न्यू जर्सी झिंक कंपनीने १९२९ साली बाजारात आणला. तो कमी तापमानाला वितळतो आणि पोलादी साच्यात दाबाने भरता येतो. एकाच साच्यातून हजारो सारखे नग निघतात. ओझा कारागिरांच्या कामाच्या नेमकं उलट हे. तिथे साचा मरतो आणि मूर्ती जगते, इथे साचा जगतो आणि नग संपत नाहीत. पण या धातूत जरा शिसं मिसळलं तर काही वर्षांनी नग आतूनच भेगाळून भुगा होतो. युद्धापूर्वीच्या खेळण्यांना हा रोग अनेकदा लागतो. संग्राहक त्याला जस्ताची कीड म्हणतात आणि जुना नग विकत घेताना आधी तीच शोधतात.

कलकत्त्याला काही काळ डिंकीचे जुने साचे आले आणि निकी टॉइज या नावाने त्यांतून मुख्यतः मोटारी निघाल्या. आपल्याकडच्या पोरांना धातूची मोटार त्यांच्यामुळेही मिळाली. डोझर मात्र फारसा आला नाही.

खेळण्याचं मॉडेल झालं ते जर्मनीत. न्यूरेंबर्ग हे खेळण्यांचं जुनं शहर. तिथे १९६८ साली एनझेडजी सुरू झाली आणि शेजारच्या कॉन्राडसोबत तिने बांधकाम यंत्रांचं १:५० हे प्रमाण पक्कं केलं. इमारतींच्या आराखड्यांतही हे प्रमाण नेहमीचं असल्याने अभियंत्यांना ते सोयीचं वाटलं. म्युनिकच्या बाउमा या बांधकाम यंत्रांच्या जत्रेत ही मॉडेलं भेट म्हणून दिली जात आणि विकलीही जात. मग यंत्र बनवणाऱ्या कंपन्यांनी नाव, रंग आणि लोगो वापरण्याचे परवाने विकायला सुरुवात केली. कॅटरपिलरची अधिकृत मॉडेलं पूर्वी नॉरस्कॉट या नावाने येत, आज डायकास्ट मास्टर्स या नावाने येतात. अमेरिकेतली फर्स्ट गियर कोमात्सूची बनवते. आज संग्राहक मॉडेल घेतो तेव्हा यंत्र बनवणाऱ्या कंपनीला तो त्यातून हक्काचा वाटा देत असतो. आगपेटीतल्या खेळण्याला असा मालक नव्हता.

आपल्या गावच्या जत्रेत या परवान्याशी कुणाला घेणंदेणं नाही. तिथे पिवळ्या प्लास्टिकचा जेसीबी विकला जातो आणि सगळी मातीकामाची यंत्रं जेसीबीच म्हणून ओळखली जातात. डोझरला वेगळं नाव खाणीत काम करणारेच देतात. चेनवाला आणि टायरवाला यांतला फरकही त्यांनाच ठाऊक असतो.

सरकारी नियमही या वंशावळीत आले आहेत. खेळण्यांवरचं आयात शुल्क २०२० साली २० टक्क्यांवरून ६० टक्के आणि २०२३ साली ७० टक्के झालं. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. खोक्यावरचा १४चा आकडा संग्राहकाच्या वयाबद्दल नसून कायद्याच्या व्याख्येबद्दल आहे, हे त्यावरून लक्षात येतं. भौगोलिक मानांकन असलेल्या खेळण्यांच्या नोंदणीकृत कारागिरांना मात्र या सक्तीतून सूट आहे. म्हणजे निर्मळचा नोंदणीकृत कारागीर चिन्हाशिवाय खेळणं विकू शकतो.

पात्याची दुसरी बाजू

बुलडोझर माती सरकवतो, तसा घरही पाडतो. १९९०च्या दशकात मुंबई महापालिकेचे उपायुक्त गो. रा. खैरनार यांनी बेकायदा इमारती पाडल्या. दाऊद इब्राहिमशी जोडलेल्या इमारतीही त्यांत होत्या, आणि वर्तमानपत्रांनी खैरनारांना 'डिमॉलिशन मॅन' हे नाव दिलं. त्याआधी १९७६ साली दिल्लीत तुर्कमान गेटला घरं पाडली गेली. त्या वेळी बुलडोझर लोकांच्या मनात दहशत बनला होता. मार्च २०२२ मध्ये उत्तर प्रदेशात निवडणुकीच्या विजयाच्या मिरवणुकीत लोक बुलडोझरवर चढले आणि त्याची खेळणी हातात घेऊन फिरले. त्याच वर्षी १४ ऑगस्टला न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये भारताच्या स्वातंत्र्यदिनाच्या संचलनात खरा बुलडोझर निघाला. त्यावर टीका झाल्यावर आयोजक संस्थेने माफी मागितली.

१३ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या यंत्राची वेसण ओढली. गुन्ह्याचा आरोप आहे म्हणून कुणाचं घर पाडता येणार नाही आणि पाडकामाआधी सामान्यतः १५ दिवसांची नोटीस द्यावी लागेल, असं न्यायालयाने बजावलं. हा निकाल देणाऱ्या खंडपीठाचे प्रमुख होते अमरावतीचे न्यायमूर्ती भूषण गवई, विदर्भातल्याच मातीचे. रोहसेनाच्या गाडीतले दागिने जसे न्यायालयात गेले, तसा आपल्या काळात बुलडोझरही गेला. आता कपाटात ठेवलेला पिवळा डोझर निव्वळ यंत्राची आठवण राहिलेला नाही. तो कुणाला पराक्रमाची खूण वाटतो, तर कुणाला घर गेल्याची.

निकाल

दोन घराण्यांची तुलना करून एक गोष्ट ठरवता येते. मॉडेल कारागिरीत नंदीबैलापेक्षा कितीतरी पुढे आहे. नात्यात मात्र ते मागे आहे. लाकडी बैल बनतो तो बैलाच्या उपकारातून. त्याला मिरवताना पोराला बोजारा मिळतो आणि बैलाला एक दिवस सुट्टी. १:५०चा डोझर बनतो तो विक्रीच्या करारातून. त्यात ऑपरेटर नसतो, खाण नसते, ज्यांचं शेत ओबीखाली गेलं त्यांचं नाव नसतं आणि घमेल्याने तेच काम करणारा वडारही नसतो. लहान करताना मोजमाप टिकलं, माणसं गळाली.

ही उणीव भरता येते. दसऱ्याला, विश्वकर्मा पूजेला खाणीतले ऑपरेटर आपल्या डोझरला हार घालतात, लिंबू बांधतात, हळद-कुंकू लावतात. यंत्राशी पोळ्यासारखं नातं जोडण्याची रीत कामगारांनी आपली आपणच काढलेली आहे. पुण्यात भाऊ जोशींनी लहान रेल्वेचं संग्रहालय उभं केलं. चंद्रपूर-यवतमाळ-आदिलाबादच्या या कोळसा-कापसाच्या पट्ट्यात मातीकामाचं असं एखादं दालन का असू नये? त्यात वखराची पास असावी, वडारांचं घमेलं असावं, तान्ह्या पोळ्याचा नंदी असावा आणि बीडी-३५५ची १:५०ची प्रतिकृती असावी. प्रत्येक प्रतिकृतीखाली खाणीचं नाव, ती चालवणाऱ्याचं नाव आणि तिने हलवलेल्या मातीचे ब्रास लिहिलेले असावेत. सत्तर-ऐंशीच्या दशकात डोझर चालवणारे ऑपरेटर आता निवृत्त आहेत. त्यांच्याकडून हे तपशील आताच लिहून घेतले पाहिजेत. आणि निर्मळच्या कारागिराने पोनिकीच्या लाकडातून डोझर कोरायचा ठरवला, तर आयएसआयच्या नियमाची त्याला अडचण नाही. ती मागणी नोंदवणं संग्राहकांच्या हातात आहे.